ठिकाणे चार, हिशेब एक: गोव्यातल्या संस्थेने वीज, इंधन आणि उत्सर्जनाच्या नोंदी कशा लावाव्यात

वेर्ण्याला कारखाना, कुंडईला गोदाम, पणजीत पाटोवर ऑफिस आणि कळंगुटला एक गेस्ट हाऊस. गोव्यातल्या मध्यम आकाराच्या अनेक संस्थांचा पसारा साधारण असाच असतो. आजवर वीजबिल आले, भरले, फाइलला लावले, एवढ्यावर भागत होते. आता मात्र एखादा मोठा खरेदीदार विचारतो की गेल्या वर्षी तुमचा ऊर्जावापर किती झाला आणि कार्बन उत्सर्जन किती. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता मांडणारा अहवाल सक्तीचा केला. अशा कंपन्या आपल्या पुरवठादारांकडे हेच आकडे मागू लागल्या आहेत. युरोपात लोखंड-पोलाद किंवा ॲल्युमिनियम पाठवणाऱ्यांच्या मागे तिकडच्या कार्बन सीमा-कराचे कागद लागले आहेत. आणि हे काम येऊन पडते ते अकाउंट्समधल्या किंवा मेंटेनन्समधल्या एखाद्या माणसावर, ज्याने ते आधी कधी केलेले नसते. हा लेख त्याच्यासाठी आहे.

आधी माझे मत सांगतो. उत्सर्जन काढणे म्हणजे अखेर गुणाकार आहे. तो एक्सेल करते. खरे काम त्याआधीचे: कुठल्या ठिकाणी, कुठल्या मीटरवर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती, आणि त्याचा कागद कुठे ठेवला आहे. आकड्यावर बोट ठेवल्यावर त्याचे बिल लगेच काढून दाखवता आले पाहिजे. येत नसेल, तर तो आकडा अहवालात घालू नका.

आधी हद्द ठरवा

जगभर बहुतेक संस्था जीएचजी प्रोटोकॉल, म्हणजे हरितगृह वायूंचा हिशेब ठेवण्याची नियमावली, पाळतात. त्याचे संस्थांसाठीचे मानक २००१ मध्ये आले आणि २००४ मध्ये सुधारले गेले. हद्द, म्हणजे कुठली ठिकाणे तुमच्या हिशेबात धरायची हे, ठरवण्याच्या त्यात तीन रीती आहेत: मालकीच्या हिश्श्यानुसार, आर्थिक नियंत्रणानुसार किंवा कामकाजाच्या नियंत्रणानुसार. नवख्या संस्थेने तिसरी घ्यावी असे मी सुचवेन. जिथला कारभार तुमच्या हुकमाने चालतो ते ठिकाण तुमचे, मग इमारत भाड्याची का असेना.

तरीही काही प्रश्न येतातच. कँटीन कंत्राटावर आहे आणि सिलिंडर कंत्राटदार आणतो, मग तो गॅस कोणाचा? तुमच्या इमारतीचा एक मजला दुसऱ्या कंपनीला भाड्याने दिला आहे, पण मीटर एकच आहे, तेव्हा काय करायचे? अशा प्रत्येक प्रश्नाला एकदाच उत्तर द्या, कारणासह एका कागदावर लिहा, वर तारीख घाला आणि दरवर्षी तोच नियम लावा. पुढच्या वर्षी नवा माणूस आला आणि त्याने वेगळा निर्णय घेतला, तर दोन वर्षांची तुलनाच बाद होते.

ठिकाणांची आणि मीटरची यादी

ही यादी टेबलावर बसून होत नाही. अकाउंट्सकडून वर्षभरात वीज खात्याला जी जी बिले भरली त्यांचे ग्राहक क्रमांक काढा. मग प्रत्येक ठिकाणी जाऊन प्रत्यक्ष मीटर बघा आणि दोन्ही याद्या ताडून पाहा. बोअरवेलच्या पंपाचे वेगळे कनेक्शन, कामगारांच्या खोल्या, बंद पडलेली पण मीटर चालू असलेली शेड ही मंडळी अशाच वेळी सापडतात.

गोव्यात आणखी एक गोष्ट हमखास भेटते. जुन्या घरात ऑफिस थाटलेले असते आणि मीटर अजून घरमालकाच्या वडिलांच्या नावावर असतो, कारण वाटणीचे कागद व्हायचे असतात. बिलावरच्या नावाने शोधाल तर ते ठिकाण तुमच्या यादीत येणारच नाही. म्हणून बिलावरचे नाव हा आधार धरू नका. प्रत्येक ठिकाणाला स्वतःचा एक संकेत द्या, जसे वेर-०१, कुं-०१, पण-०१. ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, बिलावरचे नाव आणि मालकी की भाडे, हे सगळे त्या संकेताला जोडा. गावांच्या नावांचेही तसेच: एक जण कुंडई लिहितो, दुसरा कुंदाय, तिसरा कुंडाईम, आणि एक्सेलला ती तीन गावे वाटतात. संकेत असला की ही कटकट संपते.

भाड्याच्या ऑफिसात स्वतंत्र मीटर नसेल तर मालकाकडे सब-मीटरचे रीडिंग मागा. तेही नसेल तर इमारतीचे पूर्ण बिल घेऊन क्षेत्रफळाच्या प्रमाणात तुमचा वाटा काढा, आणि हा वाटा अंदाजाने काढला आहे अशी खूण त्या ओळीवर करा.

एक बिल, एक ओळ

आता नोंदवही. सर्वात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

नवखा माणूस सहसा बारा महिन्यांचे बारा कॉलम पाडतो आणि ठिकाणे खाली लिहितो. दिसायला ते छान दिसते, पण एका महिन्यात दोन बिले आली, मीटर बदलला, बिल दुरुस्त होऊन आले, की त्या चौकोनात काय लिहायचे ते कळत नाही. त्याऐवजी लांबलचक साधा तक्ता करा. प्रत्येक बिलाची एक ओळ. त्या ओळीत ठिकाणाचा संकेत, मीटर क्रमांक, मागील रीडिंगची तारीख, चालू रीडिंगची तारीख, दोन्ही रीडिंगे, गुणक, युनिटे, रक्कम, स्कॅनच्या फाइलचे नाव, प्रत्यक्ष की अंदाज, आणि नोंद कोणी केली. महिन्यांचे आणि ठिकाणांचे तक्ते याच्यावरून पिव्हट टेबलने हवे तेव्हा निघतात.

गुणकाकडे विशेष लक्ष द्या. मोठ्या जोडणीत पूर्ण प्रवाह मीटरमधून जात नाही. करंट ट्रान्सफॉर्मर लावून त्याचा ठरावीक हिस्साच मीटरला दिला जातो. १५०/५ चा ट्रान्सफॉर्मर असेल तर गुणक ३०. समजा १० मार्चचे रीडिंग ४८१२.६ आणि १० एप्रिलचे ५१२२.६. फरक आला ३१०. गुणक धरला तर वापर ९३०० युनिटे, विसरला तर ३१०. इलेक्ट्रिशियनने फोनवरून कळवलेले मीटरचे आकडे थेट तक्त्यात भरले, तर वर्षाचा हिशेब तीसपटीने कमी येऊ शकतो. रीडिंगचा फरक गुणिले गुणक हे उत्तर बिलावरच्या युनिटांशी जुळते का, हे प्रत्येक ओळीत सूत्र लावून तपासा.

याच बिलात दुसरी अडचण आहे. १० मार्च ते १० एप्रिल म्हणजे ३१ दिवस, आणि मध्येच ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते. ९३०० भागिले ३१, म्हणजे रोजची ३०० युनिटे. मार्चच्या वाट्याला २१ दिवस, ६३०० युनिटे; एप्रिलच्या वाट्याला १० दिवस, ३००० युनिटे. ही विभागणी मूळ ओळीत करू नका. मूळ ओळ बिलाप्रमाणेच राहू द्या, विभागणीसाठी शेजारी वेगळा तक्ता करा. बिलावर एक आकडा आणि नोंदवहीत दुसरा, असे कधीच होता कामा नये.

आणि युनिटांच्या जागी रुपये चालत नाहीत. दर बदलतात, मागील थकबाकी येते, फिक्स्ड चार्जेस असतात. रकमेचा कॉलम ठेवा, पण तो अकाउंट्सशी ताळा जुळवण्यासाठी.

डिझेल

पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की लाईट जाते आणि जनरेटर सुरू होतो. त्यामुळे गोव्यात डिझेलचा हिशेब वगळून चालत नाही. पण खरेदी म्हणजे वापर नव्हे. महिन्याच्या सुरुवातीचा टाकीतला साठा, अधिक खरेदी, वजा अखेरचा साठा, हा झाला वापर. सुरुवातीला ६४० लिटर, खरेदी १२०० आणि अखेरीस ५१० असेल तर जळाले १३३० लिटर. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, शक्यतो एकाच माणसाने, डिपस्टिक घालून मोजावे.

याला एक चांगली पडताळणी आहे. मध्यम आकाराचा जनरेटर लिटरमागे साधारण ३ ते ४ युनिटे वीज देतो. जनरेटरच्या मीटरवर त्या महिन्यात ४५२० युनिटे दिसत असतील तर लिटरमागे ३.४ आली, म्हणजे ठीक. हाच आकडा दीडवर आला तर त्याच टाकीतून एखाद्या गाडीत डिझेल भरले जाते का, मोजमाप चुकले का, की जनरेटर नुसताच कमी लोडवर घरघरत असतो, हे बघायला हवे. शेवटची शक्यता खरी निघाली तर पैसेही वाचतात.

जनरेटरची वीज खरेदीच्या विजेत मिळवू नका. तिचे उत्सर्जन डिझेलमधून आधीच मोजले आहे. गाड्यांचे डिझेल-पेट्रोल वेगळ्या ओळींवर ठेवा. पेट्रोल पंपावरच्या पावत्या थर्मल कागदावर छापलेल्या असतात आणि आपल्या दमट हवेत त्यावरची अक्षरे लवकर उडतात. ज्या दिवशी पावती हातात येईल त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठरलेल्या फोल्डरमध्ये टाका.

गॅस, लाकूड, सोलर

सिलिंडर मोजताना संख्या आणि वजन दोन्ही लिहा. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा, घरगुती १४.२ किलोचा, नुसते ‘१२ सिलिंडर’ लिहिलेल्या नोंदीचा काही उपयोग नाही. काजू कारखान्यात बॉयलरला टरफले घालतात, काही ठिकाणी लाकूड जळते. या जैविक इंधनाचा कार्बन डायऑक्साइड मुख्य बेरजेत धरत नाहीत, तो वेगळा दाखवतात. त्यातून निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र बेरजेत येतो. तेव्हा टरफले घरचीच आहेत, फुकट आहेत, म्हणून नोंद टाळू नका. वजन लिहून ठेवा.

छतावर सोलर असेल तर वीज खात्याच्या बिलावरून एकूण वापर कळत नाही, कारण जी वीज तुम्ही जागच्या जागी वापरली ती बिलाच्या मीटरपर्यंत पोचलेलीच नसते. इन्व्हर्टरच्या बाजूचा उत्पादन मीटर दर महिन्याला वाचा. ग्रिडमधून घेतलेली, अधिक सोलरची तयार झालेली, वजा ग्रिडला दिलेली, हा तुमचा खरा वापर. या तिन्ही आकड्यांना तीन कॉलम द्या. बिलावरचा निव्वळ आकडा एकटाच उचलू नका.

एसीचा गॅस

हा विषय बहुतेकांच्या यादीत नसतोच, आणि तो मोठा असतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याने एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल गंजते, गॅस हळूहळू निघून जातो, मेकॅनिक येऊन भरून जातो. आर-४१०ए या गॅसची तापमानवाढीची क्षमता, आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय समितीच्या पाचव्या अहवालानुसार, कार्बन डायऑक्साइडच्या १९२४ पट आहे. दोन किलो गॅस भरला म्हणजे दोन किलो हवेत गेला असे धरतात. ते झाले ३.८५ टन. एवढे उत्सर्जन करायला चौदाशे लिटरहून जास्त डिझेल जाळावे लागेल. कळंगुटच्या हॉटेलात अशी किती युनिटे असतील याचा विचार करा.

म्हणून एसीच्या सर्व्हिस कंत्राटातच लिहून घ्या की जॉब शीटवर गॅसचा प्रकार आणि किलोमधले वजन दोन्ही आले पाहिजेत. ‘गॅस चार्जिंग केले’ एवढेच लिहिलेली पावती घेऊ नका. जुन्या यंत्रांत आर-२२ असतो. तो प्रोटोकॉलच्या मुख्य यादीत नाही, त्याची नोंद वेगळी दाखवायची. बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया असतो. त्याची तापमानवाढीची क्षमता शून्य, त्यामुळे तिथे सारे लक्ष विजेवर द्यावे.

आता गुणाकार

गुणांक म्हणजे एक युनिट वीज किंवा एक लिटर वा किलो इंधनामागे किती उत्सर्जन होते तो आकडा; मीटरचा गुणक वेगळा. गुणांकांचा तक्ता पूर्ण वेगळा ठेवा: इंधन, गुणांक, एकक, कुठल्या वर्षासाठी, कुठून घेतला. नोंदवहीच्या ओळीत गुणांक हाताने लिहू नका, नाहीतर तो बदलला की शेकडो ओळी शोधत बसाल.

विजेसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी आकडा जाहीर करते. २०२३-२४ साठी तो युनिटमागे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. गोव्याचा वेगळा आकडा शोधू नका. आपली वीज मुख्यतः राज्याबाहेरच्या केंद्रांतून येते, आणि ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी जोडली गेल्यापासून सगळा देश एकाच ग्रिडवर आहे. डिझेलसाठी आयपीसीसीच्या मूल्यांवरून लिटरमागे सुमारे २.६८ किलो, पेट्रोलसाठी सुमारे २.२७, एलपीजीसाठी किलोमागे सुमारे २.९८.

वरच्या उदाहरणात हाच २०२३-२४ चा गुणांक लावला तर ९३०० युनिटांचे ६.७६ टन होतात, आणि १३३० लिटर डिझेलचे ३.५६ टन. जे तुमच्या हद्दीत जळते किंवा गळते ते स्कोप १: डिझेल, गॅस, कंपनीच्या गाड्या, एसी. विकत घेतलेली वीज स्कोप २. नोंदवहीतल्या प्रत्येक ओळीला हा शिक्का असला की बेरीज आपोआप लागते.

स्कोप २ दोन पद्धतींनी देतात. एक ग्रिडच्या सरासरीने आणि दुसरी तुमच्या वीजखरेदीच्या कराराप्रमाणे. हरित विजेचा करार किंवा प्रमाणपत्र काहीच नसेल तर पहिल्या वर्षी दोन्ही आकडे साधारण एकच येतील, घाबरू नका.

मोकळ्या जागा आणि खटकणारे आकडे

एखादे बिल मिळणारच नाही. ते ठिकाण शून्य धरू नका आणि मोकळेही सोडू नका. आधीच्या वर्षीचा तोच महिना किंवा मागच्या-पुढच्या महिन्यांची सरासरी घ्या, ‘अंदाज’ असा शिक्का मारा आणि पद्धत लिहा. कुठला आधार घ्यायचा ते ठिकाणावर अवलंबून आहे. हॉटेलसाठी मागच्या-पुढच्या महिन्याची सरासरी फसवी ठरते, कारण डिसेंबर आणि जुलै यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तिथे गेल्या वर्षीचाच महिना बरा. पाटोवरच्या ऑफिसला शेजारचे महिने चालतात. चतुर्थीच्या सुट्टीत कारखाना बंद असतो, त्या महिन्यात वापर घटला तर ती चूक नव्हे.

मागच्या महिन्यापेक्षा किंवा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा एक चतुर्थांशाहून जास्त फरक दिसला तर ओळ लाल होईल असे एक्सेलमध्ये लावून ठेवा. लाल ओळीला ठिकाणावरच्या माणसाने एका वाक्यात कारण द्यायचे: नवे मशीन, बंद शिफ्ट, सरासरीचे बिल, मीटर बदलला. ही छोटी वाक्ये वर्षाअखेरीस सोन्यासारखी उपयोगी पडतात, कारण तपासनीस नेमके हेच विचारतो.

कोण, केव्हा

प्रत्येक ठिकाणी एकच जबाबदार माणूस ठरवा. तो सुपरवायझर असो की रिसेप्शनवरची ताई, नाव यादीत लिहा आणि रजेवर गेल्यास बदली कोण तेही लिहा. ठरलेल्या तारखेपर्यंत स्कॅन आणि रीडिंग मुख्य ऑफिसला. तिथे भरणारा एक आणि तपासणारा दुसरा. नोंदवही शेअर्ड ड्राइव्हवर एकच असावी. ईमेलमधून फिरणाऱ्या ‘फायनल’, ‘फायनल २’ फाइली पहिल्याच महिन्यात थांबवा. स्कॅनच्या फाइलला ठिकाण, मीटर आणि वर्ष-महिना याच क्रमाने नाव द्या.

ठिकाणावरच्या लोकांना त्यांचे आकडे परत दाखवा, हे मला फार महत्त्वाचे वाटते. वेर्ण्याच्या इलेक्ट्रिशियनला दर महिन्याला त्याच्या शेडचा आलेख मिळाला तर तो रीडिंग वेळेवर पाठवतो, आणि रात्री बंद शेडमध्ये कॉम्प्रेसर चालू राहतो हेही तोच शोधून काढतो. नुसती माहिती मागत राहिलात तर तिसऱ्या महिन्यापासून ती येणे थांबते.

सॉफ्टवेअर घ्यायची घाई नको. दहा-पंधरा मीटरपर्यंत नीट लावलेली एक्सेल पुरते. आधी एक पूर्ण वर्ष हाताने चालवा. मग काय हवे ते तुम्हालाच कळेल, आणि विक्रेत्याला नेमके प्रश्न विचारता येतील.

स्कोप ३ आणि आधारवर्ष

माल नेणारे भाड्याचे ट्रक, कच्चा माल, कामगारांचा रोजचा प्रवास, विजेच्या वहनातली गळती, हे सगळे स्कोप ३ मध्ये येते. त्याचे १५ प्रकार आहेत. पहिल्या वर्षी सगळे धरायला जाऊ नका. ट्रान्सपोर्टरकडून प्रत्येक फेरीचे अंतर आणि वजन मागायला मात्र आत्ताच सुरुवात करा, कारण मागच्या वर्षीच्या फेऱ्या नंतर कोणालाच आठवत नाहीत.

ज्या वर्षाच्या नोंदी पहिल्यांदा पूर्ण आणि भरवशाच्या झाल्या, ते तुमचे आधारवर्ष; पुढच्या वर्षांची तुलना त्याच्याशी करायची. पुढे थिवीला नवे युनिट विकत घेतले किंवा कुंडईचे गोदाम विकले, तर आधारवर्षाचा आकडाही त्या बदलासह पुन्हा मांडावा लागतो. नाहीतर गोदाम विकल्यामुळे झालेली घट बचत म्हणून दाखवली जाईल. किती टक्क्यांच्या बदलानंतर पुन्हा मांडायचे तो उंबरठा आधीच ठरवा. अनेक संस्था ५ टक्के धरतात. जुना आकडा पुसू नका. दोन्ही ठेवा, आणि बदल कधी, का, कोणी केला याची नोंद हद्दीच्या निर्णयांच्या त्याच कागदाखाली जोडा.